सांभाळणाऱ्याचाही केसपेपर काढा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



सरकारी दवाखान्यात पाऊल टाकलं की आधी केसपेपर काढावा लागतो. नाव, वय, गाव, तक्रार. आमच्या निफाडच्या उपजिल्हा रुग्णालयातही तीच रीत. कॅन्सरच्या, लकव्याच्या, किडनीच्या पेशंटचा केसपेपर निघतो, त्यावर औषधं लिहिली जातात, गरज पडली तर नाशिकला न्यायचा शेरा पडतो. पण त्या पेशंटला धरून आणणारी, पिशवीत जुने रिपोर्ट आणि पाण्याची बाटली घेऊन बाकड्यावर टेकलेली साठी-सत्तरीची जी बाई असते, तिच्या नावाचा कागद कुठेच नसतो. मावशी, तुम्हाला झोप लागते का, एवढंही तिला कोणी विचारत नाही. पेशंट गेला की त्याचा कागद बंद होतो, आणि तिचा तर कधी उघडलेलाच नसतो.

मंत्रिमहोदय, माझी मागणी सरळ आहे. गंभीर आजारी माणसाला घरी सांभाळणाऱ्या वयस्क नातेवाइकाचा स्वतःचा केसपेपर निघावा. त्याच्या दुःखावर समुपदेशन आणि उपचार सरकारी आरोग्यसेवेतून मिळावेत. ते पेशंट जिवंत असतानाच सुरू व्हावेत आणि तो गेल्यावर तेराव्या दिवशी थांबू नयेत. मी या तालुक्यात शिक्षिका म्हणून नोकरी केली. शिकवलेली मुलं आता बागायतदार झाली, त्यांचे आईवडील म्हातारे झाले. त्यांच्या घरी आजारपणात आणि दुखवट्याला जाणं होतं, तिथं जे दिसतं त्यावरून हे लिहिते आहे.

निफाडचं वर्ष द्राक्षाच्या हिशेबानं चालतं. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की डिपिंग, थिनिंग, फवारण्या, आणि मग जानेवारीपासून माल काढणीला. हे चार-पाच महिने घरातल्या धडधाकट माणसाला मान वर करायला फुरसत नसते. त्यात डिसेंबर-जानेवारीची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती घसरला याची बातमी पेपरात येते, तेव्हा वाचणाऱ्याला गंमत वाटते. इथं मात्र मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. मुलगा रात्री बागेत, सून पहाटेपासून मजुरांच्या मागं, नातवंडं शाळेत नाहीतर ओझर, सातपूर, पुण्याला कामाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी राहतं कोण? त्याची म्हातारी बायको. किंवा त्याची आई. किंवा जिच्या स्वतःच्या गुडघ्यांची वाटी झिजली आहे अशी थोरली बहीण. यात मुलासुनेचा दोष नाही. बाग गेली तर औषधालाही पैसे उरत नाहीत, हे ती म्हातारीही जाणून असते आणि म्हणूनच ती काही बोलत नाही.

आमच्या आळीतल्या एका आजींचं सांगते. यजमानांना लकवा झाला, बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. नाकातल्या नळीतून पातळ करून, गाळून अन्न द्यायचं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी लघवीची नळी बदलायच्या तारखांवर पेनानं गोल केलेले. पाठीखाली हवेची गादी, तिची छोटी मोटार रात्रंदिवस घरघरत असायची. यजमान गेले. दहावा-तेरावा झाला, लेकीनं ती गादी दुसऱ्या गरजू घरी देऊन टाकली, चांगलंच केलं. पण त्यानंतर आजींना झोप येईना. दर दोन तासांनी जाग यायची आणि हात आपोआप शेजारी जायचा. शेवटी ऐन डिसेंबरात, निफाडच्या त्या थंडीत, त्या टेबलफॅन भिंतीकडं तोंड करून लावायला लागल्या. घरच्यांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. त्यांना वारा नको होता, नुसती घरघर हवी होती. त्यांच्या डोक्याला काही झालं नव्हतं, पण हे त्यांना समजावून सांगणारं कोणी नव्हतं.

भेटायला येणारे सगळे एकच बोलत होते: सुटले बिचारे, आणि तुम्हीही सुटलात. लोक मायेनंच बोलतात. पण ऐकणाऱ्या बाईच्या आत काय होतं ते पाहा. तिला खरोखरच थोडं मोकळं वाटलेलं असतं, आणि तसं वाटलं म्हणून ती स्वतःला पापी समजत असते. या आजींनी कितीतरी महिन्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की त्या रात्री त्यांचा डोळा लागला होता. नेमके तेव्हाच ते गेले. इतकी वर्षं जागले आणि त्याच रात्री झोपले, हे त्यांच्या मनातून निघत नव्हतं. हे ना मुलाला सांगितलं होतं, ना लेकीला. अमेरिकेत रिचर्ड शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्यांची सेवा करणाऱ्या आणि मग त्यांना गमावलेल्या २१७ नातेवाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ७२ टक्के लोकांनी सांगितलं की माणूस गेल्यावर आपल्याला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे ही भावना सर्रास आहे आणि ती प्रेमाच्या आड येत नाही. प्रशिक्षण घेतलेल्या माणसानं ही गोष्ट समोर बसून शांतपणे सांगितली असती, तर त्या आजींच्या मनावरचा निम्मा भार तिथंच उतरला असता.

दुःख मरणानंतर सुरू होतं असं आपण धरून चालतो, आपली सगळी व्यवस्थाही तसंच धरून चालते. ते खरं नाही. १९४२ मध्ये बोस्टनच्या एका नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं मेली. त्यांच्या आप्तांवर उपचार करताना एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञांनी शोकाचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९४४ मध्ये तो मांडला. युद्धावर गेलेल्या नवऱ्याच्या काळजीनं काही बायका तो जिवंत असतानाच शोक करू लागतात, ही गोष्टही त्यांनी त्यात नोंदवली. आमच्याकडं लकव्याच्या, कॅन्सरच्या घरात हाच आधीचा शोक महिनोन्महिने, वर्षानुवर्षं चालतो. ज्या माणसाबरोबर चाळीस वर्षं बाग उभी केली तो समोर खाटेवर आहे, पण त्याच्याशी यंदा कोणत्या व्यापाऱ्याला माल द्यायचा हे बोलता येत नाही. स्मृतिभ्रंशात तर तो आपल्यालाच ओळखत नाही. पॉलिन बॉस यांनी अशा तुटण्यावर, माणूस समोर असूनही नसण्यावर, १९९९ मध्ये एक पुस्तकच लिहिलं. या शोकाला दहावा नाही, तेरावा नाही. कोणी भेटायला येत नाही. रडलं तर उलट घरचेच दटावतात, जित्या माणसापुढं रडू नये, अपशकुन होतो.

आणि हे सगळं शरीरावर येतं. शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ मध्ये ६६ ते ९६ वयाच्या जोडीदारांचा चार वर्षांचा अभ्यास मांडला. आजारी जोडीदाराची सेवा करताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांचा मरण्याचा धोका सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. आमच्याकडं म्हणतात, ‘तो गेला आणि मागोमाग सहा महिन्यांत तीही गेली, जोडीच होती तशी’. लोक कौतुकानं हे सांगतात. मला ते ऐकवत नाही. त्या बाईची बीपीची गोळी बंद पडलेली असते, शुगर तपासलेली नसते, स्वतःचं दुखणं तिनं दोन वर्षं पुढं ढकललेलं असतं. ती जोडीदाराच्या ओढीनं गेली की आपल्या दुर्लक्षानं, हा प्रश्न आरोग्य खात्यानं स्वतःला विचारला पाहिजे.

बाप्यांची गत वेगळी आणि काही बाबतींत अधिक वाईट. आयुष्यात कधी भाकरी न थापलेला म्हातारा बायकोच्या कॅन्सरची जखम स्वतः धुतो, तिची वेणी घालतो. तो पारावर बसून हे कोणाला सांगणार? बायकोच्या मागं त्याच्याशी घरात बोलणारं कोणी नसतं, तो ओट्यावर गप्प बसून राहतो आणि लोक म्हणतात, आबा शांत झाले. आणखी एक घर असतं, जिथं तरण्या मुलाचं डायलिसिस चालू आहे आणि आई सत्तरीची आहे. जो आपल्याला खांदा देणार त्यालाच आपण धरून दवाखान्यात नेतो आहोत, हे तिला रोज दिसतं. त्या घरात मी फार वेळ बसू शकलेले नाही.

आपल्या रीतींबद्दल मला आदर आहे. तेरा दिवस घर भरलेलं असतं, चूल पेटत नाही, शेजारचे डबे आणतात, म्हातारीला एकटं सोडत नाहीत. दशक्रियेला गोदावरीच्या काठी, चांदोरी-सायखेड्याला किंवा नाशिकला रामकुंडावर, सगळा गोतावळा जमतो. प्रवचनकार महाराज संसाराचं क्षणभंगुरपण सांगतात. मग पिंड ठेवला जातो. कावळा शिवेना की सगळ्यांची चुळबुळ सुरू होते. मुलगा हात जोडून मोठ्यानं म्हणतो, आण्णा, काळजी करू नका, आईला आम्ही सांभाळू. पुतण्या म्हणतो, भाऊ म्हणतो. कावळा शिवतो आणि लोक मोकळा श्वास घेतात. म्हणजे मागं राहिलेल्या म्हातारीला सांभाळलं पाहिजे, गेलेल्याचा जीव तिच्यातच अडकलेला असणार, हे आमच्या समाजाला पक्कं ठाऊक आहे, इतकं की नदीकाठी सगळ्यांदेखत तसा शब्द दिला जातो. पण चौदाव्या दिवशी पाहुणे पांगतात आणि बाग कोणासाठी थांबत नाही. तो शब्द खोटा नसतो, तो पाळायला त्या घराकडं हात उरलेले नसतात. ज्या प्रवचनकारांचं या तालुक्यात लोक मनापासून ऐकतात, त्यांनी दशक्रियेच्या प्रवचनात दोन मिनिटं सांभाळणाऱ्यासाठी काढावीत, असं मला फार वाटतं. सहा महिन्यांनीही ज्यांचं रडं थांबत नाही, झोप येत नाही, जेवण जात नाही, त्यांना दवाखान्यात न्या, एवढं त्यांनी म्हटलं तरी शंभर पत्रकांचं काम होईल.

विधवेच्या बाबतीत तर रीतच आड येते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ज्या बाईनं नवऱ्याचं चार-चार वर्षं गू-मूत काढलं तिच्या बांगड्या फोडण्याचा हक्क कोणाला आहे? हा ठराव गावोगाव होणं हाही दुःखावरचा उपचारच आहे.

आता उपचार म्हणजे नेमकं काय, हे सांगायला हवं. कारण समुपदेशन म्हटलं की लोकांना वाटतं कोणीतरी येऊन ‘धीर धरा’ सांगणार. तसा धीर तर सगळेच देतात. माणूस गेल्यावर बहुतेक लोक आपापल्या बळावर, घरच्यांच्या आधारानं हळूहळू सावरतात, त्यांना कोणत्या थेरपीची गरज नसते. पण २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा साधारण दहातल्या एका माणसाचं दुःख वेळेबरोबर कमी होत नाही असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी-११ या वर्गीकरणात त्याची दीर्घकाळ चालणारा शोक अशी स्वतंत्र नोंद केली, ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. सहा महिने उलटून गेल्यावरही ओढ, अपराधीपणा आणि मोडलेपण तसंच राहिलं, आपल्या समाजात जितकं स्वाभाविक मानलं जातं त्याच्या कितीतरी पुढं गेलं, तर ते या नोंदीत येतं.

न्यू यॉर्कच्या कॅथरीन शियर यांनी यासाठी सोळा बैठकांची एक पद्धत घडवली. त्यात माणसाकडून शेवटच्या घडीची हकीकत पुन्हा पुन्हा, सुरक्षितपणे वदवून घेतात. ज्या खोलीत पाऊल टाकवत नाही तिथं हळूहळू जायला लावतात. गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात जे बोलायचं राहिलं ते बोलायला देतात. आणि त्याच वेळी, उद्या तुम्हाला स्वतःसाठी काय करावंसं वाटतं, हेही दर आठवड्याला विचारतात. २०१४ मध्ये पन्नाशी पार केलेल्या १५१ जणांवरच्या चाचणीत या पद्धतीनं शंभरातल्या सत्तर जणांना गुण आला. नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका समुपदेशनानं बत्तीस जणांनाच आला. म्हणजे म्हातारपणी आता काय बदलणार, हे म्हणणं चूक आहे.

यासाठी निफाडमध्ये मनोविकारतज्ज्ञ कुठून आणायचे, असं आपले अधिकारी म्हणतील. त्याचं उत्तर शेजारच्या गोव्यात सापडतं. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिथं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या ८१ कुटुंबांबरोबर काम केलं आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. डॉक्टर नसलेले, थोडं प्रशिक्षण घेतलेले गृहसल्लागार सहा महिने त्या घरी जात राहिले, आजार समजावून सांगत राहिले, सांभाळणाऱ्याचं ऐकत राहिले. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. पुढं ‘सांगाथ’ या संस्थेच्या मदतीनं साठीपुढच्या, थोडी उदासी असलेल्या १८१ माणसांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. इथंही समुपदेशक साधी शिकलेली माणसं होती. त्यांनी अडचणी सोडवायची पद्धत शिकवली, झोपेच्या सवयी सुधारल्या, आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवायला मदत केली. वर्षभरात नैराश्याचा आजार जडणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्या गटात ४.४ टक्के राहिलं, दुसऱ्या गटात ते १४.४ टक्के होतं.

योजनांच्या लाभाची ती गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नवरा गेल्यावर बाईपुढं मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडं वारसाची नोंद, बँकेचं खातं, गॅसचं कार्ड, संजय गांधी निराधारचा किंवा श्रावणबाळचा अर्ज असं सगळं उभं राहतं. आजवर कधी सही न केलेल्या बाईला दहा ठिकाणी अंगठा द्यावा लागतो आणि प्रत्येक ठिकाणी ‘मयत’ हा शब्द ऐकावा लागतो. तिच्याबरोबर जाऊन ही कामं उरकून देणारं माणूस दिलंत तर तो तिच्या दुःखावरचा खराखुरा उपचार आहे.

आणि याच्याही आधीचा उपचार म्हणजे पेशंटच्या वेदना थांबवणं. ज्या घरात कॅन्सरचा माणूस शेवटचे पंधरा दिवस रात्ररात्र ओरडत गेला, त्या घरातल्या म्हातारीच्या कानातून तो आवाज जात नाही. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून संसदेनं २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती केली. ते तालुक्याच्या ठिकाणी, नेमक्या रात्री, नेमक्या घरी पोचलं पाहिजे. बांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारजे इथलं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची सेवा करत आहेत. मोठं काम आहे. पण पुणे आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या पुढं आहे, आणि बहुतेकांना शेवटचा श्वास आपल्या घरी, आपल्या अंगणाच्या वाऱ्यात घ्यायचा असतो.

मंत्रिमहोदय, यातलं काहीही सरकारला नवीन नाही. केरळनं २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे उपशामक सेवेचं, धोरण केलं आणि पंचायतींना त्यात ओढलं. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये स्वतःचं धोरण केलं, त्याच वर्षी राष्ट्रीय कार्यक्रमही आला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये या सेवेची जी व्याख्या केली तिच्यात आजारपणात आणि मृत्यूनंतरही कुटुंबाला आधार देणं स्पष्टपणे आहे. उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, त्यांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची व उपशामक सेवा आहे, मानसिक आरोग्यही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या अठराव्या कलमानं हे उपचार मिळणं हा हक्क ठरवला. १० ऑक्टोबर २०२२ पासून फोनवर मानसिक आधार देणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे. आपल्याच राज्यानं २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशाताई घरोघर जाऊन मनाची विचारपूस करू लागल्या. नाशिक जिल्हा त्या चौदांत नाही. एवढी सगळी साधनं घरात असताना ती या म्हाताऱ्या माणसापर्यंत पोचत नाहीत, कारण व्यवस्थेच्या लेखी तो पेशंट नाही. म्हणून मी केसपेपरवर अडून बसले आहे. सरकारी यंत्रणेत ज्याचा कागद असतो त्याचीच चौकशी होते.

हे कसं करावं याबद्दल माझं म्हणणं असं. लांबलेल्या गंभीर आजाराचा पेशंट नोंदवला की त्याच दिवशी त्याला मुख्यतः कोण सांभाळतं ते विचारावं आणि त्या माणसाचा केसपेपर तिथंच काढावा. त्यावर त्याची बीपी, शुगर, झोप, वजन आणि मनाची स्थिती लिहावी. उपजिल्हा रुग्णालयात एक खोली, आठवड्यातला एक ठरलेला दिवस, शक्यतो बाजाराचा, म्हणजे गाडी मिळते, आणि एक नीट शिकवलेलं माणूस असावं. ज्यांना येता येत नाही, आणि बहुतेकांना येता येणार नाही, त्यांच्या घरी आरोग्य मंदिराच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं आणि आशाताईंनी जावं. पेशंट गेल्यावर पंधरवड्यात, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षश्राद्धाच्या आधी त्या घराची कडी वाजवावी. सहा महिन्यांच्या भेटीत जे सावरलेले दिसणार नाहीत, त्यांना जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या तज्ज्ञांकडं पाठवावं. १४४१६ हा नंबर चांगला आहे, वाचकांनीही तो लिहून ठेवावा. पण ज्या आजींना कमी ऐकू येतं आणि मोबाइल नातवाच्या खिशात असतो, त्यांना फोनचा उपयोग नाही.

आशाताईंवर हे काम टाकताना त्याचा मोबदला वेगळा द्यावा. २०२३ च्या अखेरीस त्यांना संपावर जावं लागलं होतं, ते आपण विसरला नसाल. दुसऱ्याचं दुःख ऐकणं हे काम आहे, ते फुकट मागू नये. आणि त्यांनाही कोणाजवळ तरी मन मोकळं करता यावं अशी सोय हवी.

आणखी एक मागणी, जी कोणत्याच योजनेत मी पाहिली नाही. पेशंटपाशी बसायला दुसरं माणूस मिळावं. आठवड्यातून दोन तास. म्हातारीला तेवढ्यात स्वतःचे दात दाखवता येतील, देवळात जाता येईल, माहेरच्या लग्नाला तोंड दाखवता येईल. गावातले बचतगट हे करू शकतात, त्याला थोडा पैसा आणि थोडं शिक्षण द्या. ऑक्टोबर ते मार्च, बागेच्या हंगामात, याची गरज दुप्पट असते.

हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्याकडं एकत्र कुटुंब आहे, असा आक्षेप येईल. मी एकत्र कुटुंबांतच वावरते. तिथं माणसं बारा असतात आणि सेवा करणारं एकच असतं, ते बहुधा सर्वांत वयस्क बाईमाणूस. आणि मनाचं दुखणं आमच्या मातीला परकं नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये याच निफाडला झाला. १९०१ च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा रमाबाई चाळिशीच्याही आत होत्या. त्या पुण्याच्या घरी परतल्या आणि वर्षभर जवळजवळ कोणात मिसळल्या नाहीत. नंतर त्या बाहेर आल्या, पुढं पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं राहिलं आणि तिथून बायकांना परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं. त्यांना ते एक वर्ष मिळालं आणि त्यानंतर भोवती माणसं मिळाली. आमच्या आजींना संस्था काढायची नाही. त्यांना रात्री सलग चार तास झोप हवी आहे आणि मनातलं एक वाक्य कोणाला तरी सांगायचं आहे.

या कामासाठी नवा कायदा नको, नवी इमारत नको. निफाड तालुका प्रयोगासाठी घ्या. इथं उपजिल्हा रुग्णालय आहे, आशाताई आहेत, बचतगट आहेत, आणि गोव्यात ज्यांनी हे करून दाखवलं ती माणसं एका दिवसाच्या प्रवासावर आहेत. त्यांना बोलवा, आमच्या ताईंना शिकवा. तालुक्यातल्या सरपंचांनाही माझी विनंती आहे, ग्रामसभेत या विषयाचा ठराव घ्या आणि आपल्या गावात अशी किती घरं आहेत त्याची यादी करा, मंत्रालयाची वाट पाहू नका. मंत्रिमहोदय, नाशिकच्या दौऱ्यावर याल तेव्हा यादीतल्या एका घरी अर्धा तास बसा, आणि पेशंटची चौकशी झाल्यावर त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचीही करा. गोडी छाटणी ऑक्टोबरात सुरू होते. त्याच्या आत आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
निफाड तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका